काकडीला हळदकुंकू

यंदा कसब्यातल्या आमच्या मंडळाने गणपतीत ‘समुद्र वाचवा’ हा देखावा केला. तो करणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. ऑफिसला जाताना त्या मांडवात कागदाच्या लगद्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेल्या दिसायच्या. बोलताना मान वर करायच्या नाहीत.

व्हेल शार्क मांडवभर झाला. त्याच्या पांढऱ्या ठिपक्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. खाली वाळूत एकच समुद्री काकडी होती. अध्यक्षांनी ती उचलली.

“काकू, काकडी काळी कशी?”

“भाजी नाही ती, प्राणी आहे. समुद्राचा तळ साफ करतो.”

“तोंड कुठंय?”

“आहे. बघायला वेळ लागतो.”

“शार्क काय, हा काय, दोन्ही प्राणी संपतच चाललेत ना? मग शार्क पुरे. हे लोकांच्या पायाखाली येईल.”

बाईंनी हात पुसले, गणपतीपुढच्या ताटातून हळदकुंकू घेतलं, काकडीला वाहिलं आणि वर एक जास्वंदीचं फूल ठेवलं.

“आता नाही येणार,” म्हणाल्या आणि परत लगद्याकडे वळल्या.

विसर्जनापर्यंत सेल्फीवाल्यांनी लोंबकळून शार्कचे दोन्ही पर मोडले. काकडीला कुणी बोट लावलं नाही. लोक तिच्यापुढे चपला काढत होते.

शेवटच्या दिवशी एका आजोबांनी काकडीपुढे हात जोडून मला विचारलं, “स्वयंभू का हो?”

“समुद्रातलं आहे.”

“जागृत आहे?”

“सध्या तरी आहे,” मी म्हणालो.