पापण्यांचे पाणी

घरातून निघणाऱ्या प्रत्येक माणसासाठी ते फाटकाशी येऊन उभे राहत, उजवा हात खांद्याच्या वर नेऊन मनगटातून सावकाश हलवत आणि म्हणत, "चला, ऑलराइट!" हातात झेंडी नसे, पण पाहणाऱ्याला ती दिसे. उभी हयात रेल्वेत गार्ड म्हणून काढलेल्या माणसाचा तो हात होता. आपणही हात वर करून उत्तर द्यायचे, हा त्या फाटकाचा नियम. विसरलात तर मागून हाक येई, "ओ, उत्तर कोण देणार? इंजिनाकडून उत्तर आलं नाही तर गार्ड गाडी पुढे जाऊ देत नाही. थांबवतो, आणि काय झालं ते बघायला खाली उतरतो."

जयपूरच्या खातीपुऱ्यात त्यांचे आणि आमचे घर एकाच गल्लीत. माझे वडील बँकेच्या बदलीने जयपूरला आलेले, ते भुसावळहून रेल्वेच्या. गल्लीसाठी ते 'गार्ड साब', माझ्यासाठी काका. गार्डला आता 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणू दे. मॅनेजर झाला म्हणून झेंडी खाली ठेवेल का?"

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांची नक्कल ठरलेली असे. जयपूरजवळच्या चौमूंच्या फलाटावर एक म्हातारा शेळी घेऊन डब्यात चढतो आणि तिकीट तपासनीस त्याला अडवतो. म्हातारा, तपासनीस आणि शेळी हे तिघेही काकाच. शेळीचा आवाज कोणीही काढील. काका तिचा चेहरा काढत. खालचा जबडा आडवा फिरवत, पापण्या अर्ध्या मिटून ती तपासनीसाकडे अशी पाही, की बिनतिकीट प्रवासी तोच असावा. मागच्या रांगेतले राजस्थानी शेजारी मराठीचे अवाक्षर न कळताही पोट धरून हसत.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती आजारी पडली की आपण प्रथम त्यांच्या हातापायांकडे पाहतो.

काकांच्या आधी उजव्या हाताचा अंगठा थरथरू लागला. मग पावले आखडली. कंपवाताचे निदान झाले तेव्हा मी फिजिओथेरपीचे शिक्षण संपवून नोकरीला लागले होते आणि पुढे संशोधन करण्याची तयारी करत होते. त्यांचे व्यायाम मी घेईन, हे काकूंनी परस्पर ठरवून टाकले. "घरचीच पोर असताना बाहेरचं कशाला?"

या आजारात चालताना पाय जमिनीला खिळतात. पण समोर आडव्या रेषा आखल्या तर पाऊल त्या ओलांडते. मी व्हरांड्यात रंगीत पट्ट्या चिकटवल्या. काकांनी त्या निरखल्या.

"स्लीपर टाकलेस, पोरी. रूळ कुठंयत?"

"रूळ येताहेत मागून. तुम्ही चाला."

"म्हणजे रेल्वेसारखंच," ते म्हणाले आणि चालले.

त्यांचे पाय सुधारत होते. माझ्या नोंदी समाधानकारक होत्या. बदलत होता तो चेहरा. कंपवातात चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात. हसू आत तयार होते, पण ओठांपर्यंत पोहोचत नाही. गप्पा मारतानाही काका एखाद्या पासपोर्टच्या छायाचित्रातून पाहावे तसे पाहू लागले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात त्यांनी हट्टाने नक्कल केली. म्हातारा जमला, तपासनीसही कसाबसा जमला. मग शेळी आली, आणि चेहरा आला नाही. काका जबडा फिरवायचा प्रयत्न करत राहिले. पुढच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने आईला विचारले, "अंकल गुस्सा हैं क्या?" लोकांनी जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवल्या. काका विंगेत आले आणि मला म्हणाले, "शेळी उतरून गेली, पोरी."

त्यानंतर ते मंडळात गेले नाहीत. स्टेशनवर फिरायला जाणे थांबले. व्हरांड्यातल्या पट्ट्यांपाशी ते उभे राहत. पाय खिळले म्हणून नव्हे, पलीकडे जाण्याचे कारण उरले नव्हते म्हणून. हा फरक मला ओळखता येतो. खिळलेल्या पायात धडपड असते.

मेंदूच्या डॉक्टरांनी घरच्यांना एक गोष्ट चांगल्या हेतूने समजावली होती. "चेहरा पाहून वाईट वाटून घेऊ नका. तो आजाराचा चेहरा आहे, मनाचा नाही." या एका वाक्यावर ते घर तरले. काका जेवताना गप्प राहिले, तर काकू म्हणत, "चेहऱ्यावर जाऊ नका." नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल आला, तरी तेच. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यालाही कारण मिळाले, आणि तेही शास्त्रीयदृष्ट्या खरे होते. या आजारात पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि वाहतात. काकू खुर्चीशी रुमाल ठेवून असत. "पापण्यांचं पाणी आहे," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि पुसत.

एका सकाळी काकू आत असताना मी खुर्चीसमोर बसून विचारले, "काका, हे पाणी कुठलं?"

आजाराने त्यांचा आवाज पुटपुटण्याइतका खाली गेला होता. चेहऱ्यावर काहीच नव्हते.

"पापण्यांचं म्हण," ते म्हणाले. "घरात तेच चालतं."

मी त्यांच्या मुलाला गाठले. दादा जयपुरातच झालान्याला एका कार्यालयात नोकरी करतो. सज्जन, थकलेला, वडिलांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असलेला. मी त्याला नीट समजावले. मेंदूतल्या ज्या रसायनांचा तुटवडा हात थरथरवतो, त्यांचाच मनाशी संबंध असतो. ही निराशा आजाराचाच भाग आहे. तिच्यावर उपचार असतात, आणि ते न केल्यास पायांचे व्यायामही वाया जातात.

"पण काल तर म्हणाले, भाजीत मीठ नाही, तुझ्या आईची बदली कर," दादा म्हणाला. "अजून विनोद सुचतात, मतलब मन ठीक असणार ना?"

काकूंची भीती निराळी होती. "मनाचा डॉक्टर म्हटलं तर ते म्हणतील, मला वेडा ठरवलं."

शेवटी दोघे त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे न्यायला तयार झाले. गाडीत मीही होते. इथे तुम्हाला एक गोष्ट ठाऊक हवी. गाडीवर काम करणाऱ्या रेल्वेवाल्याला साहेबाची भीती वाटत नाही, तेवढी 'मेडिकल'ची वाटते. ठरावीक काळाने डोळे, कान, रक्तदाब तपासतात. अनफिट ठरला, की झेंडी काढून घेतात आणि टेबलाशी बसवतात. काकांनी आयुष्यभर त्या तपासण्या पास केल्या होत्या. त्या सकाळीही त्यांनी दाढी करवून घेतली, इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला आणि डॉक्टरांसमोर खुर्चीत ताठ बसले.

"नींद कैसी आती है?" डॉक्टरांनी विचारले.

"फर्स्ट क्लास, साब."

"मन उदास रहता है?"

"जी नहीं. फिट."

"रोना आता है?"

"पलकों का पानी है, साब."

मी डॉक्टरांना माझी निरीक्षणे सांगितली. त्यांना शंका होतीच. त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि पुन्हा यायला सांगितले. पण बाहेर काकूंचा चेहरा उजळला होता. "पास झाले! सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली." पास झालेल्या माणसाला गोळी कशाला, असे घरात ठरले. परतीच्या वाटेवर मी मागे वळून म्हटले, "काका, खोटं बोललात."

"मेडिकलमध्ये खरं बोलणारा गार्ड पाहिलायस कधी?"

दादा गाडी चालवता चालवता हसला. काकूही हसल्या. तो विनोद म्हणजे त्यांच्या दृष्टीने फिटनेसचे आणखी एक प्रमाणपत्र होते. मी पुढे अनेकदा तो विषय काढला. दर वेळी चहा आला.

थंडी पडली तसे काका जेवणावरून उठू लागले. "भूक नाही." मग चालणे थांबले. मग गिळताना ठसका लागू लागला, छातीत कफ भरला, आणि इस्पितळातून ते परत आले नाहीत. कागदोपत्री कारण छातीचा संसर्ग. ते बरोबरच आहे. पण मला क्रम ठाऊक आहे. आधी मन थांबले, त्यामागे पाय, आणि छाती सर्वांत शेवटी.

दिवस झाले, पाहुणे पांगले, दादा कामावर जाऊ लागला. त्यानंतर एका सकाळी मी ड्यूटीवर जाण्याआधी काकूंकडे डोकावले. व्हरांड्यात पट्ट्या तशाच होत्या. त्या काढू का, असे विचारायला मी आले होते. काकू काकांच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या होत्या, मांडीवर तो रुमाल. धुऊन घडी घातलेला.

"तू शिकलेली आहेस," त्या म्हणाल्या. "एक सांग. पापण्यांचंच होतं ना गं ते?"

मी उत्तर जुळवू लागले. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात, असे काहीतरी. पण त्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत.

"मी पुसायला गेले की माझं मनगट धरून ठेवायचे. सोडायचेच नाहीत. मी म्हणायचे, अहो सोडा, दूध उतू जाईल." त्यांनी घडी उलगडली, पुन्हा घातली. "नुसतं पापण्यांचं असतं, तर धरलं असतं का?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. माझ्या कोणत्याही पुस्तकात यापेक्षा अचूक निदान नव्हते.

मग त्याच म्हणाल्या, "जा, तुला उशीर होईल." मी स्कूटर बाहेर काढली. काकू फाटकापर्यंत आल्या, काका उभे राहत तिथेच येऊन उभ्या राहिल्या. मी स्कूटर सुरू केली आणि सवयीने डावा हात वर केला.

त्यांचे दोन्ही हात फाटकावर होते. उत्तर द्यायला एकही उचलला गेला नाही.

मी स्कूटर बंद केली आणि खाली उतरले.