फोन मंदाताईचा, उत्तर कोणाचं?

"मले कोनीच नाई नेलं कुठी," ज्योती म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकर उलटली.

मी दारातच उभी राहिले. काही कळेना. दोन दिवसांपूर्वी व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या बैठकीत, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं की या बाईला वाशिमच्या दवाखान्यात नेलं, सोनोग्राफीही झाली. वहीत टिक केली होती. आणि बाई इथे चुलीपुढे बसलेली, आठवा महिना, पाय सुजून टम्म.

मी गटप्रवर्तक आहे. म्हणजे आसेगावच्या भागातल्या वीसेक आशाताईंचं काम बघायचं आणि वर तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना कळवायचं. गरोदर बाईचं बीपी वाढलं किंवा रक्त कमी असलं की तिला आम्ही जोखमीची माता म्हणतो. तिची खबर दर आठवड्याला द्यावी लागते. पूर्वी त्यासाठी बैठक व्हायची, सगळ्या जणी जीपनं, ऑटोनं यायच्या. आता मंगळवारी फोनवर व्हीसी असते. जाण्यायेण्याची दगदग वाचली म्हणून सगळ्यांत खूश मीच झाले होते.

पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे. पुन्हा मोजलं, तरी तेच.

"डोकं दुखते का गं?"

"दोन दिवसापासून दुखून राह्यलं. डोयापुढे अंधारी येते."

असं असलं की बाईला कधीही झटके येऊ शकतात. मग आई आणि बाळ, दोघांचाही भरवसा राहत नाही. मी खरंच घाबरले. आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, मग मंदाताईला. मंदाताई ही या गावची आशा.

"मंदाताई, ज्योतीले नेलं म्हनून काहून सांगितलं व्हीसीत?"

"मी? मी त बोललीच नाई मॅडम."

"स्क्रीनवर तुमचं नाव होतं."

"नाव असन. फोन माहाच होता न."

चोराच्या उलट्या बोंबा, असं वाटलं मला. फोन आपटणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "रेखा बोलली असन. आमी तिघी होतो."

हे मला माहीतच नव्हतं. त्या भागात व्हिडिओ चालेल एवढी रेंज फक्त मंदाताईच्या गच्चीवर येते. म्हणून बाजूच्या खेड्यांतल्या रेखा आणि कविता, दोघी आशा, दर मंगळवारी तिथेच येऊन बसतात. फोन एक, बाया तीन, आणि मला दिसणारं नाव एकच. त्या दिवशी साहेबांना घाई होती. मी पडद्यावरचं नाव बघून नुसतं विचारलं, "जोखमीच्या मातेला नेलं का? हो की नाही तेवढं सांगा." मंदाताई चार्जर आणायला खाली गेली होती. फोन रेखाच्या हातात. तिनं तिच्या गावची बाई खरोखरच नेली होती, तिला वाटलं आपलाच नंबर आला. ती हो म्हणाली, वर सोनोग्राफीही झाली म्हणाली. कोणीच खोटं बोललं नव्हतं. आता रागवायचं कोणावर? मी तिघींवरही रागावले, आणि स्वतःवरही.

"मंग ज्योती घरीच हाये, हे तुमी तरी सांगाचं नाई का?"

"तिची सासू नेऊ देत नाई, सोयाबीन सोंगाचं हाये, कापनी खोळंबली म्हनते. साहेबापुढे, साऱ्या जनींपुढे कोनाच्या घरचं कसं काढू मॅडम? बैठक असती त चहाच्या टायमाले तुमाले बाजूले घेऊन सांगितलं असतं."

बैठकीतली खरी बैठक चहाच्या वेळीच व्हायची, हे मी विसरले होते.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तशी सासू दारात आडवी आली. "आमालेबी पोरं झाली, आमी कुठी गेलतो?" मी तिला मशीनवरचा आकडा दाखवला. तिला तो काय कळणार? मग सरळ सांगितलं, "सोयाबीन पुढच्या साली येईन. सून नाई येनार." ती बाजूला झाली.

वाशिमला तासाभरात सिझर करावं लागलं. मुलगी झाली, जेमतेम पावणेदोन किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. दोघी वाचल्या.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, रेकॉर्डला तर ही बाई परवाच नेलेली आहे. मग आज पुन्हा का नेली?"

"परवा नेलीच नव्हती, साहेब."

"मग हो कोण म्हणालं?"

"दुसऱ्या गावची आशा. दुसऱ्या बाईबद्दल."

साहेबांनी पलीकडे कागद चाळले. मग म्हणाले, "असं करा, मंगळवारी व्हीसीत हे सविस्तर मांडा."

व्हीसी अजून चालूच आहे. पण 'नेलं का?' एवढ्यावर मी आता थांबत नाही. कोण बोलतंय, कोणत्या बाईबद्दल, आणि ती बाई या घडीला कुठे आहे, हे विचारते. साहेब म्हणतात, मॅडम फार वेळ घेतात.

घेते.