आनेकलच्या बसमधला रवांडा

बंगळूरला मी गेले ती मावशीच्या नणंदेकडे, कमलाक्कांकडे, चार दिवस विश्रांतीला. पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून कंटाळले होते. बसवनगुडीत रिक्षातून उतरले तेव्हा झाडांखाली गारवा होता आणि समोरच्या हॉटेलातून कॉफीचा वास येत होता. कमलाक्कांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड. "स्वल्प (थोडं) बस गं, मग बोलू," म्हणत त्यांनी गरम इडल्या वाढल्या.

वरच्या खोलीत फॉस्टिन राहायचा. रवांडाचा, फार्मसी शिकायला आलेला. आधी त्याच्यासोबत जोसेफ होता, त्याच्याच गावचा. फॉस्टिन तुत्सी जमातीचा, जोसेफ हुतू. आदल्याच वर्षी, १९९४ साली, तिकडे हुतूंनी तुत्सींची कत्तल केली, फॉस्टिनच्या घरचं कोणी उरलं नाही. तेव्हापासून दोघं बोलेनासे झाले आणि जोसेफ बंगळूरबाहेर आनेकलला राहायला गेला.

"एका ताटात जेवायची गं पोरं," कमलाक्का म्हणाल्या. "समोरासमोर बसवलं तर बोलतील. तुला इंग्रजी येतं, तू चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसने निघालो. बनशंकरी मागे पडली, नाचणीची शेतं आणि मोठाले काळे खडक सुरू झाले. रस्त्याकडेला लाल माती, निलगिरीची झाडं. "आमच्याकडे असंच आहे," फॉस्टिन म्हणाला. "डोंगर जरा जास्त."

मी विचारलं, हे वैर आलं कुठून? तो खिडकीबाहेर बघत सांगत राहिला. भाषा एक, देव एक. गुरं राखणारा तुत्सी, शेत कसणारा हुतू. गुरं वाढली तर हुतूचा तुत्सीही व्हायचा. मग बेल्जियमचे साहेब आले. त्यांनी नाकांची लांबी-रुंदी मोजली, ओळखपत्रावर जमात छापली आणि तुत्सींना हुतूंच्या डोक्यावर बसवलं. देश सोडून निघायची वेळ आली तेव्हा साहेबांनी बाजू बदलली, हुतूंना वर चढवलं.

"कत्तलीत रस्ते अडवले तेव्हा मारणारे ओळखपत्रावरची जमातच बघत होते," तो म्हणाला.

जोसेफची खोली एका कारखान्यामागे होती. आम्हाला बघून तो दारातच थबकला. मग त्यानं घाईघाईनं खाटेवरचे कपडे उचलले, आम्हाला बसवलं, चहा केला. फॉस्टिनच्या कपात न विचारता दोन चमचे साखर जास्त घातली. कमलाक्कांनी माझ्याकडे आशेनं पाहिलं.

फॉस्टिननं कपाला हात लावला नाही. माझ्यासाठी असेल किंवा साक्षीदार हवा म्हणून असेल, तो इंग्रजीत बोलला. "तुझा भाऊ गावातच होता. आई कुठे पुरली, एवढंच त्याला विचार."

"तो आता शेजारच्या झैर देशात, निर्वासितांच्या छावणीत आहे."

"तुझं त्याच्याशी बोलणं होतं."

"तो म्हणतो, तो गेला तेव्हा घरात कोणी नव्हतं."

"तो आमच्या घरात कशाला गेला होता?"

जोसेफ खाली बघत म्हणाला, "मी विचारलं तर मला भाऊ उरणार नाही."

"मला कोण उरलंय?"

आम्ही उठलो. चहावर साय धरली होती.

बस सुटणार इतक्यात जोसेफ धावत आला. खिडकीशी उभा राहून त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलला. फॉस्टिननं मान हलवली. बस निघाली, जोसेफ धुळीत उभा राहिला.

"सरी (ठीक) झालं बघ!" कमलाक्का आनंदानं म्हणाल्या. "बोलले की नाही दोघं? काय म्हणाला विचार."

मी विचारलं. फॉस्टिन म्हणाला, "त्याचा भाऊ सांगत होता, माझ्या आईला जायला फार वेळ लागला नाही."

मी ते मराठीत सांगितलं. कमलाक्का उठून त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

पुण्याला परतले. वर्गात रवांडाचा विषय निघाला की मुलं विचारतात, सुरुवात कोणी केली? मी बेल्जियमचं नाव घेते आणि मुलांना बरं वाटतं, साहेबाचा दोष पटकन पटतो. पण जोसेफच्या भावाला फॉस्टिनच्या घराची वाट कोणा साहेबानं दाखवली नव्हती.

परवा कमलाक्कांचा फोन आला. फॉस्टिन मायदेशी परतला. तिथलं नवं सरकार म्हणतं, आता कोणी हुतू नाही, कोणी तुत्सी नाही, सगळ्यांनी मिळून राहायचं.

"राहणार कुठे गं तो?" त्यांनी विचारलं.

गावातल्या आपल्याच घरी राहणार होता; ते घर कुठे आहे हे त्यानं बसमध्ये मला सांगितलं होतं. शेजारचं घर जोसेफच्या आईवडिलांचं.