वरचे आबा

आबांच्या बोलण्यात दोनच दिशा होत्या, वर आणि खाली. आमच्या गावात दोन्ही नाहीत. सगळी सपाट ऊसशेती. चढ म्हणावा असा एकच, शाळेसमोरचा गतिरोधक. तरी आबा डेअरीला 'वर' जात आणि स्टँडवर 'खाली' येत. मी त्या शाळेत शिकवत असे. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आले की पश्चिमेला जे असेल ते त्यांचे वर. डोंगर तिकडे होता.

आबा गवळी धनगर. डोंगरातला त्यांचा वाडा, म्हणजे चार घरांची वस्ती, अभयारण्यात गेला आणि जनावरांना निवांतपणा मिळावा म्हणून माणसांना आमच्या गावाशेजारी वसाहत मिळाली. म्हशी सोबत आल्या होत्या. इथे चरायला उसाशिवाय काही नव्हते, आणि ऊस दुसऱ्यांचा होता. म्हशी विकल्या गेल्या. आबा डेअरीत पिशवीतले दूध आणायला जाऊ लागले. "दूध बरं हाय," ते म्हणत, "फकस्त म्हस कुठली ते कळत न्हाय."

एकदा चहाच्या टपरीवर ते म्हणाले, "उद्या वर जावं म्हणतोय." असले अभद्र बोलू नये, असे टपरीवाल्याने समजावले. आबांनी विचारले, "का? एस्टी न्हाय?" तेव्हापासून त्यांना वरचे आबा हे नाव पडले.

वाड्याचा देव मात्र खाली आणता आला नव्हता. तो एक दगड होता आणि त्या जागीच देव होता. दर वर्षी त्याच्यापुढे नारळ फुटायचा. आबा मला घेऊन अभयारण्याच्या फाटकावर गेले. पायी सोडत नाहीत, पर्यटकांच्या गाडीतून जा, असे सांगण्यात आले. आम्ही तिकिटे काढली. गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आपुलकीने विचारले, "पावणं, पहिल्यांदाच आलाय व्हय?"

"व्हय," आबा म्हणाले. "गाडीतनं पहिल्यांदाच."

वाड्याच्या जागी गाडी थांबली. इथे आता गवे येतात, खाली उतरू नये, असे गाइड म्हणाला. कारवीच्या झुडपांआड देव दिसत होता. आबांनी मांडीवरच्या नारळासकट हात जोडले. गवे आले नाहीत. गाडी वळली.

नारळ घरी परत आला. देवाचा म्हणून तो कुणी फोडला नाही. पायी जायची परवानगी आम्ही मागितली होती. कळवतो म्हणाले होते. मी गेलो की आबा नारळ कानाशी हलवून दाखवत. आतला गोटा सुटून वाजू लागला होता. "त्यो तयार हाय," ते म्हणत.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी त्यांचा मुलगा दारात आला. हातात तो नारळ होता.

"सर, आबा वर गेले."

मला खरोखर आनंद झाला. मी विचारले, "परवानगी मिळाली?"

त्याने नारळ माझ्या हातात ठेवला.

"न्हाय सर," तो म्हणाला. "ह्या खेपेला लागली न्हाय."