पेजेवरचे तूप

माझी मुलगी औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते, एवढेच मी लोकांना सांगत असे. ती नेमके काय करते ते तिने एका दुपारी मला प्रयोगशाळेत नेले तेव्हाच मी पाहिले. काचेच्या भांड्यात दुधासारखे पांढरे मिश्रण होते. हिवतापाचे औषध वितळलेल्या चरबीत विरघळवून ते पाण्यात घुसळलेले होते. यंत्र सुरू झाले आणि कानाच्या आत टाचणी फिरावी तसा एक बारीक, तीक्ष्ण स्वर खोलीभर पसरला. बघता बघता पांढरेपणा विरत गेला. मिश्रण निवळले, आणि खिडकीच्या उजेडात त्याला निळसर झाक आली. धुक्याआडची टेकडी दिसते, तशी.

"कण इतके बारीक झाले की दुधीपणा उरत नाही," ती म्हणाली. "हे औषध पाण्याशी फटकून वागतं, आई. पोटात तेल-तूप काही नसेल, तर बरंचसं रक्तात न उतरताच बाहेर पडतं. म्हणून आम्ही ते आधीच चरबीच्या कणांत बसवतो. उपाशी माणसाच्यासुद्धा अंगी लागावं म्हणून."

मी तो निळा रंग घेऊन घरी आले. तिचे शब्द मात्र मला फार नंतर ऐकू आले.

माझे यजमान रस्त्यांच्या कामावर देखरेख करतात. त्या वर्षी त्यांचे काम राज्याच्या पूर्वेकडील जंगलात होते. दिवाळीनंतर ते घरी आले ते हुडहुडी घेऊनच. दोन रजया घातल्या तरी पलंग हलत होता, आणि थंडी ओसरली की अंगातून अशी धग निघे की कपाळावरची पट्टी हातातच कोमट होई. घामाला ओल्या लोखंडासारखा वास येत होता. रक्त तपासले, हिवतापच निघाला, आणि तोही मेंदूपर्यंत जाऊ शकणारा. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "रिकाम्या पोटी नको, काहीतरी खाऊन घ्या."

मुलगी तेव्हा प्रयोगाच्या कामासाठी पुण्याला होती. मदतीला यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, निफाडहून आल्या. द्राक्षबागेची छाटणी उरकून, हातावरचे ओरखडे तसेच घेऊन आल्या, आणि सोबत घरच्या म्हशीच्या तुपाचा स्टीलचा डबा. झाकण उघडताच स्वयंपाकघर त्या खमंग वासाने भरले. अक्कांनी लगेच झाकण लावले आणि डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला.

"ताप उतरंस्तोवर याचा वास पण नको त्याला. तापात तूप म्हंजी इस्तवात तूप."

"अक्का, निदान चमचाभर?" यांनी खोलीतून क्षीण आवाजात विचारले.

"गप पड. लहानपणी आईनं तुला पेजेवरच उठवलाय."

यांनी हट्ट केला नाही. आमच्या दोन्ही घरांत तापातले पथ्य असेच. मऊ भाताची पेज, चिमूटभर मीठ, फार तर मुगाचे पाणी. दूधदेखील नाही, त्याने कफ होतो. प्रत्येक गोळी त्यांनी पेजेच्या वाटीनंतर घेतली. डॉक्टरांनी खाऊन घ्यायला सांगितले होते, आणि आजाऱ्याने खायचे ते हेच, यात आम्हा कुणालाच शंका नव्हती. ताप उतरला. पथ्य आणखी आठवडाभर चालले. मग अक्का निफाडला गेल्या.

महिना सरत आला तेव्हा ती हुडहुडी परत आली. या वेळी ते बोलताना शब्द विसरू लागले. मला त्यांनी दोनदा अक्का म्हणून हाक मारली. रिक्षातून रुग्णालयात नेताना शहरातल्या द्वारका चौकात आम्ही अडकलो. चहूबाजूंनी भोंगे, डिझेलचा धूर, आणि माझ्या खांद्यावर त्यांचे तापलेले डोके. त्या गर्दीत मी फक्त त्यांचा श्वास ऐकत होते.

रक्तात तेच जंतू होते. त्यांना भरती करून शिरेतून औषध सुरू केले. मुलगी थेट पुण्याहून रुग्णालयात आली. तिने आधीच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट माझ्याकडून मागून घेतले, नाव वाचले आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तर मी ज्यावर काम करते तेच. आई, गोळ्यांबरोबर बाबा काय खात होते?"

"पेज."

"तूप? दूध?"

मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा प्रयोगशाळेतले तिचे शब्द मला पहिल्यांदा ऐकू आले. डॉक्टरांना तिने विचारले. ते म्हणाले, "असं होऊ शकतं. याच कारणानं झालं, असं छातीठोकपणे मात्र सांगता येणार नाही."

अक्का परत आल्या होत्या. त्या बाकावर बसून सगळे ऐकत होत्या. बराच वेळ त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. मग एकदम मुलीकडे वळल्या.

"मग तुझं ते निळं औषध दे की त्याला! लय दिवस करती म्हनं."

"ते अजून उंदरांनाच देतोय, आत्या."

"उंदराला देती आन् बापाला नाय?"

"उंदरांना देतेय म्हणूनच बाबांना देता येत नाही," ती म्हणाली. तिच्या पिशवीत त्या क्षणीही प्रयोगाचे कागद होते, आणि दोन दारांपलीकडे तिचा बाप कोरड्या तोंडाने पडून होता.

इंजेक्शनांनी ताप ओसरला. यांना माणसे ओळखू आली, तोंडाने गिळता येऊ लागले, तेव्हा पुन्हा गोळ्यांचा पूर्ण क्रम ठरला. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "तेल, तूप, दूध, काहीही असो, पण स्निग्ध हवंच."

पहिल्या गोळीच्या वेळी अक्का घरून पेज घेऊन आल्या. दुसऱ्या हातात तो डबा. झाकण काढताना त्यांचा हात थबकला. साठीच्या पुढचे ते हात. त्यांनी घरातले कित्येक ताप काढले होते आणि एकाही तापात हे केले नव्हते. त्यांनी चमचा बुडवला, पेजेवर धरला आणि डोळे मिटून उलटा केला. तूप पसरले, पेजेवर सोनेरी वर्तुळे उठली. औषधांच्या उग्र वासात म्हशीच्या तुपाचा वास मिसळला.

"अजून एक," हे म्हणाले. "मागची बाकी आहे तुझ्याकडे."

"खा मेल्या," अक्का म्हणाल्या, आणि रडल्या.

रक्त निवळले. पुढच्या तपासण्यांतही जंतू दिसले नाहीत. घरी आल्यावर एका संध्याकाळी यांनी मुलीला जवळ बसवले. त्यांच्याच मुक्कामावरचे मजूर त्याच गोळ्या कोऱ्या चहाबरोबर घेत, असे ते म्हणाले. "आम्हीच वाटायचो. तिथं तूप कुणाच्या जेवणात असतं?" दुसऱ्या दिवशी मुलगी नेहमीपेक्षा लवकर प्रयोगशाळेला निघाली.

अक्का निफाडला निघाल्या तेव्हा डबा घेऊन गेल्या नाहीत. रुग्णालयातून आल्यावर पुन्हा वरच्या फळीवर गेलेला तो त्यांनी खाली काढला आणि शेगडीजवळ, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. दारात चपला घालता घालता मुलीला म्हणाल्या, "तुझ्या उंदरांचं लवकर आटप, पोरी. समद्यांच्या दारात म्हैस नसती."