उजव्या पायाची धग

उन्हाळ्यात मोटरसायकल चालवायची म्हणजे चुलीला पाय लावून बसायचं. मी बियाणं विकणाऱ्या कंपनीत फिरतीवर. घर बडनेऱ्याला, दुकानदार दर्यापूरपासून तेल्हाऱ्यापर्यंत पसरलेले. वरून ऊन भाजतं, खालून इंजिन. डोक्याला ओला दुपट्टा बांधता येतो, पायाचं काय करणार? उजव्या पोटरीची वर्षानुवर्षं लाही व्हायची आणि मी गाडीला शिव्या घालायचो.

उपाय करून करून थकलो. शेतरस्त्यानं गेलं की काळी माती इंजिनाच्या पात्यांत बसते, वाळते, मग इंजिनाला वारा लागत नाही. ती मी काडीनं कोरून काढायचो. ऑइल वेळेआधी बदलायचो. रेल्वे फाटकाशी गाडी बंद करायचो आणि न करणाऱ्यांना मनात मूर्ख म्हणायचो. जाड जीन घातली, तर घामानं जीव नकोसा झाला.

यंदा अकोल्याच्या एका मिस्त्रीनं सायलेन्सरच्या नळीवर पत्र्याची आडपट्टी बसवून दिली. "घ्या भाऊ, आता नाई भाजत पाय तुमचा."

आणि खरंच भाजला नाही. भर वैशाखात दर्यापूरला जाऊन आलो, पायाला काही नाही. मी इतका खूश, की दुकानदारांना त्या मिस्त्रीचा पत्ता देत सुटलो. बायकोला म्हटलं, "इतकी वर्षं उगाच जळलो."

एका संध्याकाळी तेल्हाऱ्याहून आलो, ओट्यावर बसून बूट काढत होतो. बायको पाणी घेऊन आली ती तशीच उभी राहिली.

"अवो, पायाले काय झालं? पँट चिकटली हाय तुमची."

तिनं पँट हळूच वर केली. पोटरीवर तळहाताएवढा फोड, फुटलेला.

"दुखलं कावून नाई तुमाले?"

मी तसाच अनवाणी अंगणात जाऊन गाडी पाहिली. आडपट्टी नव्हतीच. कुठल्या खड्ड्यात गळून पडली कोण जाणे. स्क्रूची भोकं तेवढी उरली होती आणि तीही धुळीनं बुजलेली.

शुगर आहे हे ठाऊक होतं. गोळ्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. काडी टेकवतो, लागली की सांगा." मी वाट पाहत बसलो. बराच वेळ काहीच होईना, तेव्हा चिडून म्हटलं, "अहो, टेकवा तर खरं." डोळे उघडले तर काडी माझ्या पायाच्या अंगठ्यावर होती आणि बायकोनं तोंडाला पदर लावला होता.

जखम भरली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भरली तरी पुढं काय? मागचा ब्रेक उजव्याच पायानं दाबायचा असतो. तो दाबला गेला की नाही, हे मला खाली पाहून ठरवावं लागेल. गाडी सुटली की फिरती सुटली, आणि या वयात दुसरं काम कोण देतं? भीती वाटते मला. खोटं कशाला सांगू?

आता गाडी अंगणात झाकून ठेवली आहे. रोज संध्याकाळी बायको पट्टी बदलते, मग जखमेच्या खाली तळहात टेकवून विचारते, "लागते काय जी, हात माहा?"

"लागतो," मी म्हणतो, कारण तिचा हात मला दिसत असतो.