फरक नाही, असंच मी लिहिलं

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी लॅबचं काम करत होते. डॉक्टरांनी सप्तरंगी या रानवेलीच्या मुळांची पूड केली होती. मधुमेहात रक्तवाहिन्या मोकळ्या राहतात, स्नायूंना ताकद येते, असा त्यांचा विश्वास. देवमाणूस, पूड फुकट द्यायचे. चाचणीला आलेल्यांत माझे वडील, आबाही होते, बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले.

तपासणी साधी. पडवीत फेऱ्या मारायच्या, पोटरी भरून आली की थांबायचं. फेऱ्या मी वहीत लिहायची. मग डॉक्टर विचारायचे, "कसं वाटतंय?" आणि झाडून सगळे म्हणायचे, "बरां वाटतां." आमच्याकडे कुणी आपुलकीनं हातावर काही ठेवलं तर त्याला तोंडावर नावं ठेवत नाहीत. आंबा आंबट निघाला तरी गोडच म्हणतात. या भिडेची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

तीन महिन्यांनी आबा पुन्हा चालले. पहिल्या वेळी चौथ्या फेरीला थांबले होते, आता दुसरीतच खांब धरला. वर म्हणाले, "डॉक्टर, अगदी तरणा झालो!" डॉक्टर खुलले. "उतार आहे, असं लिही," म्हणाले. मी लिहिलं, 'फरक नाही. आधीपेक्षा लवकर थांबले.'

"अगं, पेशंट स्वतः सांगतायत ना?"

"पेशंट खोटं बोलतायत."

आबा तडकले. "चार माणसांत बापाला खोटा ठरवतंस?"

"ठरवते! पाय काळा पडल्यावर कुणाशी गोड बोलणार आहात?"

डॉक्टरांनी वही मागितली. मी दिली नाही. नोकरी गेली तरी चालेल, नोंद बदलणार नाही, असं तोंडावर सांगितलं. वही छातीशी धरली.

आबा बाकावर बसले. लेंगा वर करून त्यांनी पोटरी दाबली. "जळतां हो डॉक्टर. पयल्या दिवसापासून जळतां. तुम्ही एवढ्या मायेनं देताय, सांगू कसां?"

"आणि मधुमेहाच्या गोळ्या? त्या घेताय ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्या कधीच सोडल्या. तुमची पूड होती ना!"

डॉक्टर उठले. बाहेर आठ जण तपासणीसाठी थांबले होते. दारात उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, "गोळ्या कुणी कुणी सोडल्या आहेत?"

पाच हात वर झाले. उरलेल्या तिघांवर मी विश्वास ठेवला नाही.